लघुतम माप

लिफ्ट तळमजल्यावर थांबली, दार सरकलं आणि तिने बाहेर टाकलेलं पाऊल जिथे टेकायला हवं होतं तिथे टेकलंच नाही. दोन बोटं खाली टेकलं. जिना संपला असं समजून चालावं आणि आणखी एक पायरी निघावी, तसा तिच्या पोटात खड्डा पडला आणि लगेच बुजलाही. ती पुढे झाली. मागे बाबा काठी टेकत लिफ्टच्या कडेशी थांबले होते. दुखऱ्या गुडघ्याने खाली उतरण्याआधी त्यांनी काठीच्या टोकाने ती कड चाचपली आणि समाधानाने मान हलवली, जणू कड त्यांच्या अपेक्षेबरहुकूम वागली होती.

"वाढलंय," ते म्हणाले. "सोमवारी सव्वीस होतं."

"काय सव्वीस?"

"मिलिमीटर. फूटपट्टी लावली होती मी. अधिक-उणे एक धर. फूटपट्टीवर याहून बारीक वाचता येत नाही."

"बाबा, लिफ्टला फूटपट्टी लावत बसला होतात? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणाले की, म्हातारा वाकलाय, याला उठवा. दोघांनी मिळून उठवलं." ते हसले. "तुमचीच कंपनी बघते ना ही लिफ्ट? सांग कुणाला तरी."

"सांगते."

"सांगते म्हणजे आज, की सांगते म्हणजे नुसतंच सांगते?"

ती बस गाठायला निघाली. पण तो खड्डा बरोबर आला. बसमध्ये उभं राहून दांडा धरताना तिला वाटलं, आपण ज्याच्यावर उभे आहोत ते नक्की किती वर आहे हे आपल्याला कधीच माहीत नसतं. माहीत आहे असं आपण धरून चालतो. असले विचार तिला आवडत नसत. ती मोजणाऱ्यांतली होती. लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीत दोन वर्षांपूर्वी लागली तेव्हा तिला विचारलं होतं, पदार्थविज्ञान शिकलात, मग इथे काय कराल? ती म्हणाली होती, तुमचे मेकॅनिक रोज आकडे लिहितात. ते आकडे खरे आहेत का हे शोधून देईन. साहेब खुर्चीत पुढे सरकले होते. तिला नोकरी त्या वाक्यावर मिळाली होती, आणि ते वाक्य तिला कसं सुचलं हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

लिफ्ट उभी राहते ती ब्रेकच्या जिवावर. ब्रेकची चकती आणि तिला ओढून घेणारं चुंबक यांच्यात एक फट असते, पोस्टकार्डाच्या जाडीएवढी. ब्रेकचं अस्तर झिजत जातं तशी ती वाढते. अर्ध्या मिलिमीटरच्या आत असली तर ठीक. वाढली की लिफ्ट मजला चुकवायला लागते, आणि साठ शतांशांच्या पुढे गेली तर लिफ्ट बंद ठेवायची असा नियम आहे. मेकॅनिक दर फेरीला ही फट मोजतो आणि फोनवरच्या तक्त्यात भरतो. तो तक्ता तिने बनवला होता. दशांशचिन्हानंतर दोन घरं, दोन्ही भरलीच पाहिजेत. त्यामागचा हिशेब तिला फार सुंदर वाटायचा. खऱ्या मोजमापाचा शेवटचा आकडा बेभरवशाचा असतो. शून्यापासून नऊपर्यंत तो सगळीकडे सारखा विखुरतो. खोटं लिहिणारा माणूस मात्र आळशी असतो. तो शून्य लिहितो, पाच लिहितो. पहिल्या तीन महिन्यांत बाराच्या बारा मेकॅनिकांचे आकडे शून्य आणि पाचने संपत होते. चाळीस, पस्तीस, पंचेचाळीस, चाळीस. ती एकटीच पडद्यासमोर हसली होती. सगळेच्या सगळे बसल्या जागी ठोकून देत होते. मग तिने प्रोग्राममध्ये लाल खूण घातली. कुणाच्या नोंदी फार वेळा शून्य-पाचने संपल्या की पडद्यावर यायचं: 'संशयास्पद नोंद. कृपया प्रत्यक्ष माप घ्या.' आणि पर्यवेक्षकाचा त्या मेकॅनिकला फोन जायचा. दोन महिन्यांत अकरा जण सुधारले. सदतीस, बेचाळीस, एकोणचाळीस, चव्वेचाळीस. शेवटचे आकडे गवतासारखे सगळीकडे सारखे उगवले. तिने आलेख दाखवला तेव्हा बैठकीत लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाले होते, याला म्हणतात शिस्त.

बारावा सुधारला नाही. त्याला सगळे पाचकाका म्हणत. नाव कुणी ठेवलं कुणास ठाऊक, पण तिच्या लाल खुणेनंतरच ते पडलं होतं. अठ्ठावीस वर्षांची नोकरी, फोन वापरायला नाखूश, आणि दीड वर्षात एकही नोंद शून्य-पाचच्या बाहेर नाही. पर्यवेक्षकाने फोन करकरून सोडून दिले होते. प्रोग्राम नोंदी बघून प्रत्येकाला शंभरपैकी विश्वासांक द्यायचा. बाकीच्यांचे अठ्ठ्याऐंशी ते चौऱ्याण्णव. पाचकाकांचा एकतीस.

ऑफिसात पोचल्यावर तिने पहिलं काम केलं ते आपल्या इमारतीची नोंद उघडण्याचं. मागच्या आठवड्यात चष्मेवाल्याने भरली होती, फट ०.४१. चष्मेवाला म्हणजे सगळ्यांत जास्त विश्वासांक असलेला मेकॅनिक, चौऱ्याण्णव. तिने सुटकेचा श्वास सोडला. लिफ्ट मजला चुकवत असेल तर कारण दुसरं काहीतरी असेल, वायरिंग, सेन्सर. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. तरीही मनातली पाल चुकचुकायची थांबेना, आणि तिने नेहमीप्रमाणे ती पाल ज्याच्यावर सोडायची त्याच्यावर सोडली. पाचकाकांचं पान उघडलं. गंमत अशी की त्यांच्या लिफ्टबद्दल येणाऱ्या तक्रारी सगळ्यांत कमी होत्या. आधी तिला हे कोडं वाटलं होतं. मग एका दुपारी उलगडलं. जो मोजमाप ठोकून देतो तो तक्रारीही दाबत असणार. तेव्हापासून त्यांचं प्रत्येक चांगलं लक्षण तिला पुराव्यासारखं दिसत होतं.

साहेब तिच्या टेबलाशी आले. रुग्णालयाच्या अकरा लिफ्टचं कंत्राट नव्याने निघणार होतं आणि या वेळी दुसरी एक कंपनी उतरली होती, नवी, दिमाखदार. "त्यांच्याकडे माणसं आहेत, यंत्रं आहेत. आपल्याकडे जे आहे ते त्यांच्याकडे नाही," साहेब म्हणाले आणि तिच्या पडद्यावर बोट टेकवलं. "तपासलेला आकडा. तुमच्या आकड्यांवर आपण उभे आहोत. चार वाजता रुग्णालयाची समिती बसतेय. सरासरी काय दाखवायची?"

"सगळे धरले तर शहाऐंशी. पाचकाका वगळले तर एक्क्याण्णव."

"मग वगळा. आणि अर्धवट वगळू नका. यादी पाठवा, आजपासून ते कामावर नाहीत. समितीला सांगता येईल, आम्ही दोष शोधतो आणि काढूनही टाकतो."

"नियमाप्रमाणे नाव काढण्याआधी प्रत्यक्ष पाहणीची टीप लागते, साहेब. दोन ओळींची."

"लिहा की दोन ओळी."

ती लिहायला बसली. 'प्रत्यक्ष पाहणीत असे आढळले की' इथपर्यंत बोटं आपोआप चालली आणि थांबली. हाताला ते थांबणं ओळखीचं होतं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, धातूच्या कांडीतून उष्णता किती वेगाने वाहते हे मोजण्याच्या प्रयोगात, दहा वाचनं घ्यायची होती आणि आठव्याला बर्नर विझला होता. बाई दाराशी घड्याळ बघत उभ्या. शेवटची दोन वाचनं तिने घेतलीच नाहीत. लिहिली. आणि लिहिताना शून्य आणि पाच टाळले, कारण ते कृत्रिम दिसतात. एकाला सात दिला, एकाला तीन. वाचनं आलेखाच्या रेषेपासून जराशी बाजूला ठेवली, अगदी रेषेवर नाहीत. पूर्ण गुण मिळाले. बाईंनी वही वर धरून सगळ्या वर्गाला दाखवली, बघा, याला म्हणतात निरीक्षण. ती खाली मान घालून बसली होती. नंतर तिला ते आठवायचं तेव्हा लाजेपेक्षा एक विचित्र थंड कुतूहल वाटायचं: म्हणजे खोटं इतकं सोपं असतं, आणि ते ओळखायचं कसं? तिचा सगळा प्रोग्राम त्या दोन वाचनांतून जन्मला होता. चोराच्या वाटा चोराला ठाऊक. बाबांना मात्र तिने कधी सांगितलं नाही. बाबा तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते. शाळा सुटली की ती उंच स्टुलावर पाय लोंबकळवत बसायची, स्पिरिटचा आणि गंजलेल्या स्टँडचा वास घेत, आणि बाबा मुलांच्या वह्या मास्तरांकडे जाण्याआधी चाळायचे. लंबकाच्या प्रयोगात कुणी तीन दशांश घरांपर्यंत वेळ लिहिली की ते पेन्सिलीने गोल करायचे आणि त्या मुलाला किंवा मुलीला बोलावून घड्याळ हातात द्यायचे. "हे यात दाखव मला." रागवायचे नाहीत. मास्तरांना सांगायचेही नाहीत. कुठलंही उपकरण हातात देण्याआधी त्यांचा एकच प्रश्न असायचा, आणि तो तिने इतक्यांदा ऐकला होता की त्याचा अर्थच झिजून गेला होता, पाठ केलेल्या श्लोकासारखा.

तिने ते अर्धं वाक्य पुसलं. दोन वर्षांत ती एकाही लिफ्टच्या यंत्रखोलीत गेली नव्हती. आज जाऊ, बघू आणि रंगेहाथ पकडू, म्हणजे दोन ओळी खऱ्या लिहिता येतील. पाचकाका आज रुग्णालयातच होते. तिने त्यांना कळवलं नाही. मग बाहेर पडताना तिला वाटलं, पर्यवेक्षकाने कळवलं असणारच.

रुग्णालयाच्या गच्चीवरच्या यंत्रखोलीत ऑइलचा आणि तापलेल्या तांब्याचा वास होता. पाचकाका एका मोटरसमोर लाकडी खोक्यावर बसले होते. बारीक माणूस, शर्टाच्या खिशाला फडकं अडकवलेलं. तिने ओळख सांगितली तशी ते उठायला लागले.

"म्हणजे त्या लाल खुणेवाल्या ताई तुम्ही? बसा. खोकं पुसलेलंय."

खोकं पुसलेलं आहे हे तिने मनात टिपून ठेवलं. कुणी येणार हे माहीत नसेल तर खोकं कशाला पुसेल माणूस? खोलीही फार स्वच्छ होती. भिंतीवर त्यांच्याकडच्या सहाही लिफ्टच्या तारखा खडूने लिहिलेल्या, जवळजवळ नाटकासाठी मांडल्यासारख्या.

"काका, ब्रेकची फट मोजून दाखवा. नेहमी मोजता तशीच."

"नेहमीसारखी दाखवा म्हणणाऱ्यासमोर कुणी नेहमीसारखं करत नाही," ते म्हणाले. "पण बघा."

त्यांनी वीज तोडली, खटका ओढून कुलूप लावलं, किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. मग दुसऱ्या खिशातून एक वस्तू काढली. पोलादी पट्ट्यांचा जुडगा, घडीच्या चाकूसारखा एका टोकाला खिळ्याने जोडलेला. फिलर, ते म्हणाले. प्रत्येक पत्तीवर तिची जाडी कोरलेली. त्यांनी ०.४० ची पत्ती उलगडली, फडक्याने पुसली, ब्रेकच्या फटीत सरकवली. किंचित घासत, पण अडथळा न येता, ती आत गेली. मग तिच्या जोडीला ०.०५ ची पातळ पत्ती धरून दोन्ही मिळून सरकवायला बघितलं. गेल्या नाहीत.

"चाळीस," पाचकाका म्हणाले आणि फोनमध्ये ०.४० भरलं. पडद्यावर लाल खूण उमटली. त्यांनी ती न वाचताच बंद केली, माशी हाकलावी तशी.

"आणि चाळीस आणि पंचेचाळीसच्या मधे असेल तर?"

"तर चाळीसच."

"बेचाळीस, त्रेचाळीस कसं मोजता?"

"मोजत नाही."

"का?" तिचा आवाज नकळत धारदार झाला. हेच ऐकायला ती आली होती. "बाकीच्या पत्त्या कुठे आहेत?"

"बाकीच्या?" त्यांनी जुडगा तिच्या हातात ठेवला. "तेराच असतात, ताई. ऑफिसनंच दिलाय, सगळ्यांना एकसारखा. मोजा."

तिने मोजल्या. पाच, दहा, पंधरा, वीस, पंचवीस, तीस. मग चाळीस, पन्नास, साठ, सत्तर, ऐंशी, नव्वद आणि शेवटी पूर्ण मिलिमीटर. तेरा. तिने पुन्हा मोजल्या, कारण एखादी ऑइलने दुसरीला चिकटली असेल. नखाने एकेक सुटी केली. कुठल्याही दोन-तीन एकत्र धरा, बेरीज पाचच्या पटीतच येणार. हा आकडेमोडीचा प्रश्नसुद्धा नव्हता. पहिल्या वर्षाच्या, छे, नववीच्या मुलीलाही कळावं असं होतं. या जुडग्याने बेचाळीस मोजताच येत नाही. या जुडग्याने खरं मोजणाऱ्याचा प्रत्येक आकडा शून्याने नाहीतर पाचनेच संपेल. पायाखाली पुन्हा ती दोन बोटांची कड आली, आणि या वेळी खड्डा बुजला नाही. तरीही तिचं मन सवयीने पळवाटा शोधत राहिलं. इतरांकडे दुसरं साधन असेल. या माणसाने बारीक पत्त्या काढून ठेवल्या असतील, मला दाखवायला. तिने खिळा तपासला. खिळ्याला कधी हात लागल्याचं दिसत नव्हतं. त्याच्यावर कंपनीचा जुना शिक्का होता, अर्धा झिजलेला.

"तुम्ही हे सांगितलं का नाही कुणाला?"

"सांगितलं की. फोन करणाऱ्यांना तीनदा सांगितलं. ते म्हणाले, मशीनला कळतं." पाचकाकांनी जुडगा परत घेतला. "मग पोरांनी मलाच शिकवलं. म्हणाले काका, चाळीस आलं तर एकदा एकोणचाळीस टाका, एकदा बेचाळीस टाका, फोन येत नाही. मी म्हटलं, चाळीसची गेली, पंचेचाळीसची गेली नाही, एवढं मला ठाऊक. मधलं मला दिसत नाही. दिसत नाही ते लिहू कसं?"

"आणि ती मुलं? मोजून बदलतात, की..."

पाचकाका फडक्याने हात पुसत राहिले. "सुरुवातीला मोजून बदलत असतील," ते म्हणाले. "पण ताई, शेवटी बदलायचंच आहे तर गुडघ्यावर बसून मोजायचं कशाला? माणूसच आहे."

तिला ते अकरा जण दिसले. फोन हातात घेऊन लिफ्टच्या दाराशी उभे, ओठ किंचित हलताहेत. मागच्या वेळी सात टाकला होता, आता तीन टाकू. त्या प्रत्येकाला तिचाच चेहरा होता, एकोणीस वर्षांचा, विझलेल्या बर्नरसमोरचा. ती ज्याला शिस्त म्हणत होती ती तिनेच घेतलेली शिकवणी होती. लाल खुणेने खोटं पकडलं नव्हतं. खोटं कसं बोलावं ते एकेकाला फोन करून सांगितलं होतं. आणि गवतासारखा उगवलेला तो आलेख, त्याला लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

"सात ते अकरा नंबरच्या लिफ्ट चष्मेवाल्याकडे आहेत ना?" तिने विचारलं. "त्यांचं मोजायचंय. मी मोजते. तुम्ही फक्त वीज तोडा."

"तासाभरात समिती यायचीय म्हणतात."

"म्हणूनच."

ती गुडघ्यावर बसली. पहिल्यांदा पत्ती तिरकी धरली म्हणून अडकली. पाचकाका म्हणाले, ढकलू नका, तिला तिची वाट शोधू द्या. दुसऱ्यांदा ती गेली. सातव्या लिफ्टची फट ०.५५. आठवीची साठ, काठावर. नववी रुग्णांचे स्ट्रेचर नेण्याची मोठी लिफ्ट होती. चष्मेवाल्याने मंगळवारी तिथे ०.४३ लिहिलं होतं. साठची पत्ती सैल गेली. तिला वाटलं आपलंच चुकतंय. सत्तरची लावली. तीही गेली, लोण्यातून सुरी जावी तशी. जोडीला पाचची धरली तेव्हा कुठे अडकली. पाचकाकांनी एक पाटी काढली, 'बंद आहे', आणि दाराला लावायला मदतनिसाबरोबर खाली पाठवून दिली. दहावी पन्नास. अकरावी पासष्ट, दुसरी पाटी. मग ती उलट फिरून त्यांच्या सहा लिफ्टकडे गेली, कारण अविश्वास निम्म्यावर सोडता येत नाही. चाळीस. पस्तीस. चाळीस. पंचेचाळीस. चाळीस. पस्तीस. प्रत्येक आकडा त्यांच्या शेवटच्या नोंदीशी जुळला. तक्रारी का येत नव्हत्या याचं उत्तर एवढं साधं होतं की ते तिला दीड वर्ष सुचलं नव्हतं.

फोन वाजला. साहेब.

"नऊ आणि अकरा बंद कुणी केल्या? समिती खाली उभी आहे, त्यांच्या डोळ्यांसमोर पाट्या लागल्यात."

"मी केल्या. फट सत्तर आणि पासष्ट आहे."

"नोंद त्रेचाळीसची आहे. चौऱ्याण्णव गुणवाल्याची. तुम्हीच दिलेत ते गुण."

"हो. मीच दिलेत."

आता पलीकडचा आवाज मऊ आला, आणि तो मऊपणा तिला जास्त घाबरवून गेला. "हे बघा, तुमचं बरोबर असेलही. आकडे उद्या भरा. आज फक्त यादी पाठवा, ठरलेली. एका दिवसाने काय बिघडतं?"

तिने फोन ठेवला आणि घरी लावला. बाबांनी पाचव्या घंटेला उचलला. गुडघ्यांमुळे त्यांना उठायला वेळ लागतो.

"बाबा, मी येईपर्यंत लिफ्टने उतरू नका. शेजाऱ्यांनाही सांगा. मी बंद करायला सांगतेय."

"का गं? सकाळी तर घाईत होतीस. तुझ्या कागदावर ठीक आहे ना ती?"

"कागदावर एक्केचाळीस आहे."

"एक्केचाळीस," बाबांनी तो आकडा जिभेवर घोळवला, आणि मग सवयीने, वही समोर नसताना, स्टुलावर कुणी बसलेलं नसताना विचारलं, "कशाने मोजलं? लघुतम माप किती त्याचं?"

पत्ती अजून तिच्या हातात होती. उपकरणावर दिसणारा सगळ्यांत लहान भाग. त्याच्याखालचं काही त्या उपकरणाने पाहिलेलं नसतं, म्हणून त्याच्याखालचं काही लिहायचं नसतं. बाबा हे हजारदा म्हणाले होते. तिने दोन दशांश घरांचा तक्ता बनवला तेव्हा कुणालाही, स्वतःलाही, हा प्रश्न विचारला नव्हता.

"पाच शतांश," ती म्हणाली.

बाबांनी मनात एक्केचाळीसला पाचने भागून बघितलं असावं. "मग एक्केचाळीस कुठून आलं?" ते म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता, "राहू दे, घरी ये. जिन्याने ये."

तिने तक्ता उघडला. मेकॅनिकच्या रकान्यात स्वतःचं नाव टाकलं. पाहणी करणाऱ्याला ती मुभा होती, आजवर कुणी वापरली नव्हती. अकरा लिफ्ट, अकरा आकडे. चौथ्या नोंदीपर्यंत पडदा शांत होता. पाचवीला लाल चौकट आली: 'संशयास्पद नोंद. कृपया प्रत्यक्ष माप घ्या.' तिनेच लिहिलेलं वाक्य. त्यातला 'कृपया' तिने तेव्हा खूप विचार करून घातला होता. सहावीला पुन्हा आली. सातवीला पुन्हा. दहाच्या वर नोंदी गेल्या की प्रोग्राम माणसाला विश्वासांक देतो. तिच्या नावापुढे सव्वीस आले, आणि यादी आपोआप नव्याने लागली. तेरा नावं. वर चष्मेवाला. तळाला ती.

पाचकाका तिच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होते. "ताई," ते म्हणाले, "तुम्ही तर माझ्याही खाली गेलात."

"हो."

"आता तुम्हालाही फोन यायचे. सांगून ठेवतो, दुसऱ्यांदा उचलू नका, तेच तेच बोलतात."

ती हसली नाही, पण हसण्याच्या जवळपास गेली. यादी तशीच ठेवली, एकही नाव न हलवता. टिपेच्या जागी दोन ओळी लिहिल्या: 'प्रत्यक्ष पाहणीत असे आढळले की या यादीतले शेवटचे दोघेच मोजून लिहितात. सोबतचा तक्ता मी बनवला आहे. बाकीच्या अकरा जणांना खोटे लिहायला त्यानेच शिकवले.' साहेबांचा पत्ता टाकला. बोट 'पाठवा' वर आलं तेव्हा तिला जाणवलं की या दोन ओळींवरही आपला पुरता विश्वास नाही. शेवटचे दोघेच कशावरून, तिसरा कुणी असेल. तिने 'दोघेच' मधला 'च' काढला. तेवढं तिला दिसलेलं नव्हतं. मग पाठवून दिलं.

फोन लगेच थरथरायला लागला, खोक्यावर गोल फिरत. पाचकाकांनी त्याच्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि खिशातलं फडकं काढून पुढे केलं. पत्ती पुसून, ऑइलचं बोट फिरवूनच मिटायची असते. नाहीतर गंज चढतो आणि केसभर गंजानेही पत्ती खोटं बोलायला लागते. फोन वाजत राहिला. तिने आधी सत्तरची पत्ती पुसली, मग साठची, मग एकेक करून बाकीच्या अकरा.